उंदीर कधी चुकत नाही

सर आपल्याला 'बसा' म्हणत नाहीत. आपण आपले बसलो, की ते 'व्हेरी गुड सिटिंग!' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे एखादं पोर बसलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. गेली ४२ वर्षं मी बाकांवर, पायऱ्यांवर, डोंबिवली फास्टमधल्या चौथ्या सीटवर बसत आलोय, पण त्याबद्दल कोणी कधी दाद दिली नव्हती. त्या दिवशी मी अर्धा तास ताठ बसलो. घरी येऊन कंबर धरली तेव्हा कळलं, सरांची विद्या माणसावर चालते.

सर बिहेवियर थेरपिस्ट आहेत. डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा वन बीएचके म्हणजे त्यांचं सेंटर. हॉलमध्ये वेटिंग, बेडरूममध्ये थेरपी आणि स्वयंपाकघरात 'सेन्सरी', म्हणजे ओट्यावर तांदूळ, राजमा आणि भिजवलेली कणीक भरलेल्या पराती. खिशात जेम्सच्या गोळ्या, गळ्यात टायमर, काखेत क्लिपबोर्ड आणि उजव्या अंगठ्याखाली ते टिकटिक काउंटर, ज्यावर आमची आई जप मोजते. सर त्यावर मुलांचं बिहेवियर मोजतात. नामस्मरणासारखंच चालतं. फरक इतकाच, की आकडा वाढला की आईला बरं वाटतं आणि सरांना वाईट.

मी एकाच सरांबद्दल लिहितोय असं मात्र समजू नका. असे सर नाशकात आहेत, कोल्हापुरात आहेत, बायकांमध्ये आहेत आणि पुरुषांमध्ये आहेत. न्यू जर्सीतही आहेत म्हणे. तिथे काउंटर फोनमध्ये असतो, एवढंच.

आमची गाठ पडली भाच्यामुळे. भाचा सात वर्षांचा. ऑटिस्टिक. बोलत नाही, पण कुकरच्या शिट्टीची नक्कल अशी करतो, की माझी बहीण आजही दिवसातून दोनदा रिकामा गॅस बंद करून येते. त्याला पंखा आवडतो. पंख्याकडे बघत तो दोन्ही हात खांद्यापाशी आणून फडफडवतो, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी फक्त पंढरपूरहून परतलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. सरांच्या फाइलमध्ये याला 'हँड फ्लॅपिंग, टू बी रिड्यूस्ड' असं नाव आहे.

वेटिंगमधल्या आयांची एक स्वतंत्र भाषा आहे. 'आमचा सिटिंग टॉलरन्स बारा मिनिटांवर आला.' 'आणि आय कॉन्टॅक्ट?' 'मागितला तर देतो.' दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारणी बोलतात तसं हे बोलणं चालतं. डबा मांडीवर, नजर बेडरूमच्या दारावर. आत रडण्याचा आवाज आला की सगळ्या एकदम गप्प होतात आणि आपला आहे का ते ऐकतात. आपला नसला तर पुन्हा बोलायला लागतात, जरा हळू.

सरांची चेष्टा करताना माझी जीभ अडखळते, हेही आधीच सांगून टाकतो. भाचा रस्ता दिसला की सुटायचा. दोनदा रिक्षाखाली येता येता वाचला. सरांनी त्याला 'थांब' शिकवलं. चार महिने, रोज, सोसायटीच्या गेटपाशी, भर पावसात छत्री धरून. आता 'थांब' म्हटलं की तो जागच्या जागी थांबतो. त्या वर्षी बहीण एका लग्नाला गेली आणि कितीतरी वर्षांनी पंगतीत शेवटच्या ताकापर्यंत जेवली. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. म्हणून अडखळू दे जीभ.

सरांच्या मते जगातल्या प्रत्येक वागण्याला चारच कारणं असतात. लक्ष वेधायचंय, काहीतरी टाळायचंय, एखादी वस्तू हवीय, नाहीतर शरीराला बरं वाटतंय. पाचवं कारण नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगवरून भांडण काढलं: 'अटेन्शन.' वॉचमन बोलावल्यावर येत नाही: 'एस्केप.' सरांच्या मिसेस सहसा बोलत नाहीत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'आमटी चांगली झाली तर हे 'नाइस कुकिंग' म्हणतात. बिघडली तर काही बोलत नाहीत, नुसते भिंतीकडे बघतात. याला प्लॅन्ड इग्नोरिंग म्हणतात म्हणे. मीही शिकलेय आता.'

दर महिन्याला सर पालकांचा वर्ग घेतात. त्यातलं त्यांचं लाडकं वाक्य त्यांच्या शास्त्रातलं फार जुनं आहे. 'पालकहो, लक्षात ठेवा, उंदीर कधी चुकत नाही!' म्हणजे असं, की वर्तनशास्त्रज्ञ स्किनरसाहेबांच्या परंपरेतल्या प्रयोगात उंदराने अपेक्षेप्रमाणे कळ दाबली नाही, तर उंदराला नावं ठेवायची नाहीत. चूक प्रयोगाची. मूल शिकत नसेल तर चूक शिकवण्याची. फळ्यावर सर चार ओळी लिहितात: 'आधी बघा. लगेच अर्थ लावू नका. नोंद करा. मग आपलं शिकवणं बदला.' या चार ओळी मला इतक्या आवडल्या, की मी त्या ऑफिसच्या डायरीत उतरवून घेतल्या. पुढे त्यांचा उपयोग सरांवरच होणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

सरांना टीका चालत नाही असं नाही. फी जास्त आहे म्हणा, चालतं. डॉक्टरांनी नाक मुरडलं, तरी चालतं. आजोबांनी 'आमच्या वेळी असली नाटकं नव्हती' म्हटलं, तर सर हसून चहा मागवतात. फक्त एका प्रकारच्या माणसाची टीका त्यांना ऐकूच येत नाही. लहानपणी जो त्या छोट्या टेबलाच्या पलीकडे बसला होता, त्याची. शिंप्याने बापाला विचारून शर्ट शिवावा आणि पोरगा 'काखेत रुततंय' म्हणाला, की 'हे बोलणं शर्ट टाळण्यासाठी आहे' अशी नोंद करावी, तसला प्रकार.

हे मला कळलं ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दोन तारखेला जागतिक ऑटिझम दिन असतो. त्या निमित्ताने सोसायटीच्या हॉलमध्ये पालक मेळावा होता. निळे फुगे, निळा केक, नेहमीच्या रंगाचे बटाटेवडे. सरांनी पडद्यावर आकडे लावले. कॅलिफोर्नियातले लोव्हास नावाचे प्राध्यापक, साल १९८७, मुलं १९, आठवड्याला ४० तास थेरपी, आणि त्यातली ९ मुलं इतर मुलांच्या वर्गात जाऊन बसली. हॉलमधल्या आयांनी '४७ टक्के' असं एकमेकींना कुजबुजत सांगितलं. मी मनात ४० तासांचा हिशोब करत होतो. तीन-साडेतीन वर्षांचं पोर, पाच दिवसांचा आठवडा, रोज आठ तास. ही तर सरकारी नोकरी झाली, तीसुद्धा महागाई भत्त्याशिवाय.

मग प्रश्नोत्तरं. शेवटच्या रांगेत, फुग्यांपासून सगळ्यात लांब, एक ताई बसली होती. कानांवर मोठे हेडफोन, हातात फोन. उभी राहिली आणि आमच्या कोणाकडेच न बघता, पायापाशी बघत म्हणाली, 'आधी फुगे काढता येतील का? कधी फुटतील या विचारात मला निम्मं ऐकू येत नाहीये.'

'बेटा,' सर म्हणाले, 'टॉलरन्स हळूहळू वाढवायचा असतो.'

'मी २७ वर्षांची आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मला बेटा म्हणू नका,' ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मग तिने फोनवरचं वाचायला सुरुवात केली. 'तीन ते आठ वर्षांची होईपर्यंत मी थेरपीला जात होते, दुसऱ्या गावात. गेल्या वर्षी माझं रूट कॅनल झालं. भूल नीट चढली नव्हती. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून ४० मिनिटं बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, इतका शांत पेशंट पाहिला नाही. मला 'थांबा' हा शब्द येतो. पण हात मांडीवर असले की तो बाहेर येत नाही. हात मांडीवर ठेवायला शिकायला मला आठ महिने लागले होते. आईकडे फाइल आहे, त्यात ग्राफ आहे. ग्राफ फार चांगला आहे. माझा प्रश्न असा आहे, की त्या ग्राफमध्ये हा दात कुठे धरायचा?'

हॉलमध्ये कोणी वडा खात होतं, ते थांबलं.

'व्हेरी गुड आस्किंग!' सर म्हणाले आणि त्यांचा उजवा हात सवयीने जेम्सच्या खिशात गेला. गेला आणि तिथेच राहिला. मी पहिल्या रांगेत होतो. गोळ्यांचा आवाज ऐकला मी.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत सरांनी जे केलं, ते अशा प्रसंगी सगळेच सर करतात, आणि ठरलेल्या क्रमाने करतात. आरतीसारखं पाठ असतं.

आधी आलं, 'ते जुनं झालं. आता तसं कोणी करत नाही.' ताई म्हणाली, 'माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगा पंख्याकडे बघून हात हलवतोय. मघापासून तुमच्या असिस्टंट मॅडमनी त्याचे हात दोनदा खाली दाबले.' तो आमचा भाचा होता. मॅडमनी आपलेच हात मांडीवर घेतले.

मग आलं, 'पण तू इतकं छान बोलतेस. आमची मुलं तुझ्यासारखी नाहीत.' ती म्हणाली, 'तीन वर्षांची असताना मीही बोलत नव्हते. तेव्हा म्हणायचे, हिला काही सांगता येत नाही, म्हणून आम्ही ठरवतो. आता सांगतेय, तर सांगता येतंय म्हणजे ही त्यातली नाही. त्यातल्या माणसाने नेमकं कोणत्या वयात सांगायचं?'

मग सरांनी सुराबद्दल काढलं. जरा गोड शब्दांत विचारता आलं असतं, म्हणाले. 'माझा सूर एकच आहे,' ती म्हणाली. 'तो बदलण्याचं ध्येय फाइलमध्ये पेंडिंग राहिलं.'

मग आलं, 'तुला थेरपिस्ट चुकीचा भेटला असेल.' मग आलं, 'पालक समाधानी आहेत.' यावर सरांनी आशेने आमच्याकडे पाहिलं. माझी बहीण पायातल्या चपलेकडे बघत होती. आय कॉन्टॅक्ट मागूनही मिळाला नाही.

शेवटी सरांनी असिस्टंट मॅडमच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, 'अटेन्शन सीकिंग.' हेडफोन लावलेल्या माणसाला हे ऐकू जाणार नाही, असा त्यांचा समज असावा.

'हो,' ताई शेवटच्या रांगेतून म्हणाली, 'अटेन्शनच हवंय. प्रश्न विचारणाऱ्याला तेच हवं असतं.'

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. हसणाऱ्या त्याच होत्या, डबेवाल्या आया.

पण ताई हसवायला आलेली नव्हती. तिची यादी अजून संपली नव्हती. म्हणाली, 'तुमच्याच शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मॉन्ट्रोज वुल्फ. त्यांनी १९७८ मध्ये लिहून ठेवलंय, की तीन गोष्टी लोकांनाच विचारायच्या. ध्येय योग्य आहे का, पद्धत चालेल का, आणि जो परिणाम झाला तो हवा होता का. मला या तिन्ही गोष्टी अजून कोणी विचारलेल्या नाहीत.' सरांचा चेहरा ओळखीचं गाणं लागल्यासारखा झाला. या विषयावर त्यांनी परीक्षेत टीप लिहिली होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पाच मार्कांची.

'आणि त्या १९८७ च्या अभ्यासात,' ती म्हणाली, 'मुलांना जोरात 'नो!' म्हणायचे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारायचे. ते तुमच्या पडद्यावर आलं नाही. माझा शेवटचा प्रश्न. तुमच्या सेंटरमध्ये न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांची कार्डं आहेत. त्यात 'नको'चं कार्ड आहे का?'

सर उत्साहाने उठले. या प्रश्नाला उत्तर होतं, निदान त्यांना तसं वाटलं. कार्डांची पेटी प्रदर्शनाच्या टेबलावरच होती. लॅमिनेट केलेली, मागे वेल्क्रो लावलेली कार्डं, कोपरे गोल कापलेले. एकेक कार्ड काढून ते टेबलावर मांडू लागले. पाणी. चपाती. शू. झोका. बॉल. आई. टीव्ही. जेम्स. आणखी. झालं. आजी. रिक्षा. टेबल भरलं, तेव्हा केकच्या बाजूला मांडली. पेटी रिकामी झाली. सरांनी ती उलटी करून आपटली. वेल्क्रोचा एक तुकडा पडला.

ते शेवटचं दृश्य मला अजून दिसतं. निळ्या फुग्यांखाली, मागणीच्या सगळ्या चित्रांनी भरलेल्या टेबलामागे उभा असलेला एक सज्जन माणूस, आणि हातात रिकामी पेटी. 'नो' हा शब्द थेरपीत पहिल्यापासून होता. तो टेबलाच्या एकाच बाजूला ठेवलेला होता.

ताईने हेडफोन नीट केले, 'थँक्यू' म्हणाली आणि वडा न घेता निघून गेली.

पुढचे पंधरा दिवस सरांनी जे केलं त्याला त्यांच्या भाषेत एक्स्टिंक्शन म्हणतात. नको असलेल्या वागण्याला काहीच प्रतिसाद द्यायचा नाही, मग ते आपोआप विझतं. विझण्याआधी मात्र एकदम भडकतं, त्याला म्हणतात बर्स्ट. 'हे सगळे ऑटिस्टिक लोक हल्ली जे बोलतात ना मामा, ती बर्स्ट आहे,' सर मला म्हणाले. मी तोवर थोडं वाचलं होतं. म्हटलं, 'सर, जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक माणसाने पालकांना 'आमच्यासाठी शोक करू नका' असं सांगितलं, ते १९९३ मध्ये. कॅनडातल्या मिशेल डॉसन या ऑटिस्टिक बाईंनी तुमच्या शास्त्राच्या नीतिमत्तेची उलटतपासणी केली २००४ मध्ये. तीस वर्षांहून जास्त चालणारी बर्स्ट असते का?'

सर गप्प. मी आणखी एक सांगितलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जज रोटेनबर्ग सेंटर नावाची निवासी संस्था आहे. तिथे मुलांच्या अंगावर यंत्र बांधून वागणुकीसाठी विजेचे झटके देत. ऑटिस्टिक माणसं वर्षानुवर्षं त्याविरुद्ध ओरडत होती. सरकारी खात्याने २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, ती २०२१ मध्ये कोर्टात टिकली नाही. आणि वर्तनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'आमचा याला विरोध आहे' असं ठरवून म्हणायला २०२२ उजाडलं. 'सर, या एका बाबतीत कोण बरोबर होतं आणि कोणाला उशिरा कळलं?'

'आम्ही कुठे झटके देतो?' सर खरोखर दुखावले होते. 'आम्ही प्रेमाने करतो हो.'

ते खरं होतं. आणि अडचण तीच होती. वाईट माणसाला तुमचं चुकलं म्हणणं सोपं असतं. जो पावसात छत्री धरून आपल्या भाच्यासाठी उभा राहिला, त्याला काय म्हणायचं? मला काही सुचलं नाही. मी डायरी काढली आणि त्यांचीच चार वाक्यं त्यांना वाचून दाखवली. 'आधी बघा. लगेच अर्थ लावू नका. नोंद करा. मग आपलं शिकवणं बदला.' म्हटलं, 'सर, त्या ताईचं म्हणणं तुम्ही बघितलं का? तिने वाक्य संपवायच्या आत तुम्ही अर्थ लावून मोकळे. उंदीर कधी चुकत नाही म्हणता, मग उंदराला जो मान आहे तो तिला का नाही?'

सर बराच वेळ काउंटरच्या कळीवर अंगठा ठेवून बसले. दाबली मात्र नाही.

सोमवारी भाच्याला घेऊन गेलो तर टेबलावर एक नवीन कार्ड होतं. लाल चौकोन, त्यात आडवा धरलेला पंजा, खाली 'नको'. कोपरे गोल कापलेले. लॅमिनेशन अजून कोमट होतं. सर म्हणाले, 'शिकवायला वेळ लागेल, मामा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट कन्सेप्ट आहे.'

भाच्याला वेळ लागला नाही. सरांनी एकदा करून दाखवलं. मण्यांची माळ पुढे आली, भाच्याने कार्ड उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी माळ बाजूला केली. भाचा थबकला. त्याने सरांकडे पाहिलं, न मागता. मग पुन्हा एकदा तपासून बघावं तसं ठोकळ्यांना 'नको'. ठोकळे गेले. आकारांच्या पाटीला 'नको'. तीही गेली. टेबल रिकामं झालं. तासाची फी चालू होती आणि माझ्यातला पालक अस्वस्थ होऊन हिशोब करत होता. पण पाटी गेली तशी भाच्याने स्वतःहून हात पुढे करून मण्यांची माळ परत ओढून घेतली आणि ओवायला बसला. सिटिंग टॉलरन्स किती मिनिटांचा होता कोण जाणे, टायमर लावायचं सर विसरले होते.

आठवा मणी गेला. सरांना राहवलं नाही. अंगात भिनलेली सवय ती. टाळी वाजवून, खोली दणाणेल अशा आवाजात ते ओरडले, 'गुड जॉब!'

भाच्याने माळ खाली ठेवली. दोन्ही कान दाबले. मग एक कान सोडून त्या हाताने लाल कार्ड उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

सरांनी कार्डाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. 'मामा, हे...' म्हणाले, आणि चेहरा फुलला त्यांचा. 'हे त्याने काय केलं बघितलंत? व्हेरी गु...'

भाच्याने कार्ड परत उचललं आणि पुन्हा ठेवलं, जरा जोरात.

सरांनी तोंड मिटलं. क्लिपबोर्ड ओढून घेतला, 'बिहेवियर' असं लिहिलेल्या रकान्यावर पेन टेकवलं, थोडा वेळ थांबले आणि मुलाच्या नावापुढे नव्हे, तर त्याखालच्या रिकाम्या ओळीत बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: 'लाउड प्रेझ. टू बी रिड्यूस्ड.'

वर पंखा फिरत होता. भाच्याचे हात खांद्यापाशी गेले. मॅडम अर्धवट उठल्या, सरांनी नुसती मान हलवली, आणि मॅडम परत बसल्या.

व्हेरी गुड सिटिंग, मी म्हटलं. मनातल्या मनात.